उत्तर टपालाने

ते पत्र अकरा महिने माझ्या जाड शब्दकोशात पडून होतं. विसरलो होतो असं नाही. ते कोणत्या पानात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या अकरा महिन्यांत मी शब्दकोश उघडला नाही. एखादा शब्द अडला तर अडू दिला.

पत्र विहिरी खोदणाऱ्या आमच्या विहीरवाल्याचं होतं. शाळेच्या वहीचं पान, निळी शाई, अक्षर मोठं, ओळ उजवीकडे उतरत गेलेली.

पत्र लिहायची रीत आमच्या मंडळाची. मंडळ म्हणजे आम्ही नऊ माणसं. दर बुधवारी दुपारी लाकडाच्या वखारीमागच्या खोलीत बसायचो. कुणाचं मन महिनोन्‌महिने उठत नाही, कुणाचं उठलं की खाली बसत नाही, अशी ही नऊ. गावात आम्हाला काय काय म्हणायचे ते लिहीत नाही. मंडळ सुरू केलं शिंपीणबाईंनी, आणि रीतही त्यांचीच. माणसाने आपण बरे असताना मंडळातल्या एकाला निवडून पत्र लिहायचं : माझं बिघडायला लागलं की ही लक्षणं दिसतील, तेव्हा तू अमुक कर, मी काहीही बोललो तरी कर. ज्याला पत्र येईल त्याने हो की नाही ते टपालाने कळवायचं. एकाच गावात राहत असलो तरी टपालानेच.

"तोंडावर काय, भिडेपोटी कुणीही हो म्हणतं," शिंपीणबाई म्हणायच्या. "टपालपेटीपर्यंत चालत जावं लागलं की माणूस खरा विचार करतो."

महिनाभरात उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या कुणाला विचारायचं, असाही नियम होता.

विहीरवाल्याने लिहिलं होतं :

'काका, माझं चढायला लागलं की मी आधी दिवसातून दोनदा दाढी करतो. मग सगळी हत्यारं पाजळतो, नको ती पण. मग सगळ्यांना राजा म्हणतो. मग दगडामागचं पाणी ऐकू येतंय म्हणतो. शेवटी सोबत नको म्हणतो. असं दिसलं की मला विहिरीत उतरू देऊ नका. दोर काढून घ्या. मी शिव्या देईन, रडेन, पाया पडेन, पण दोर देऊ नका. बायकोचं मी ऐकत नाही. भावाच्या अंगावर जातो. तुमच्यावर हात उचलणार नाही असं वाटतं. तुम्ही माझा माणूस व्हाल का? उत्तर टपालाने पाठवावे.'

'असं वाटतं' या दोन शब्दांवर मी पहिला आठवडा घालवला. पण भीती तेवढीच नव्हती. एकतीस वर्षं मी गावच्या वाचनालयात काढली. लोकांशी माझं बोलणं म्हणजे पुस्तक कधी परत आणणार, एवढंच. पोरं मला 'कपाट' म्हणायची, पुढे थोरांनीही तेच धरलं. वाचनालय सुटल्यावर एकदा चार महिने मी घराचं दार उघडलं नव्हतं. तेव्हा शिंपीणबाई रोज येऊन माझ्या पायरीवर काजं करत बसायच्या. "तुम्ही बोलू नका," म्हणायच्या, "मला इथे उजेड बरा पडतो, म्हणून बसलेय." असल्या माणसाने दुसऱ्याचा दोर काढून घ्यायचा? मी उत्तरं लिहिली. सात लिहिली. 'हो' लिहिलं की हात थांबायचा, 'नाही' लिहिलं की त्याचं तोंड समोर यायचं. सातही फाडली.

मग उन्हाळा आला, आणि तो नेहमीसारखा आला नाही. गावातल्या विहिरींचे तळ लवकर दिसले. बादली खाली टेकली की खडखडायची. जो तो विहीरवाल्याच्या दाराशी. आमची विहीर चार हात खोल करून दे, आमची आधी कर. तो, त्याचा धाकटा भाऊ आणि दोन गडी सकाळी उतरायचे ते ऊन कलल्यावर वर यायचे, अंगावर दगडाची राखाडी धूळ आणि तिच्यात घामाच्या रेघा.

मंडळात दोघादोघांच्या जोड्या असायच्या. जोडीदाराची आठवड्यातून दोनदा तरी गाठ घ्यायची. माझा जोडीदार तोच. एका सकाळी मी गिरणीवाल्याच्या विहिरीवर गेलो. छत्री उघडून काठावर बसलो. खाली विहीरवाला छन्नी धरून होता आणि भाऊ घण मारत होता. छन्नीचं टोक एका जागी राहत नव्हतं. घण पडायच्या आत ते बोटभर सरकायचं. दोनदा घण दगडावरच बसला.

गिरणीवाला माझ्या शेजारी उभा होता. त्याने खाली वाकून विचारलं, "काय रे, छन्नी नाचायला शिकली का?"

गडी हसले. भाऊ हसला नाही. हळूच म्हणाला, "दादा, छन्नी मी धरतो. घण गड्याला देऊ. तू वर दोरावर बस."

दोरावर बसायचं काम म्हाताऱ्याचं, नाहीतर आजाऱ्याचं. कप्पीवरून दगडाची पाटी वर घ्यायची, रिकामी करायची, खाली सोडायची. विहीरवाला वर आला आणि दोराशी बसला. गिरणीवाल्याकडून चहा आला. त्याने कप उचलला, कप बशीवर तडतडला, चहा मनगटावर सांडला. सगळ्यांनी पाहिलं. त्याने कप तसाच खाली ठेवला.

"मला नको चहा," म्हणाला. "उन्हाचा बाधतो."

घरी जाताना तो माझ्याबरोबर चालत होता. हात पाठीमागे बांधलेले.

"काका, गोळी घेतली की हात हलतो. नाही घेतली की डोकं हलतं. विहिरीत कोणतं हललेलं चालेल, सांगा."

"डॉक्टरीणबाईंना सांगू या."

"सांगितलं. रक्त तपासू म्हणाल्या, मात्रा बघू. पुढच्या महिन्यात या."

"मग जाऊ. मी येतो बरोबर."

"विहिरी थांबतात का पुढच्या महिन्यापर्यंत?"

मला तेव्हाच विचारायला हवं होतं की तू आज गोळी घेतलीस का. प्रश्न जिभेवर होता. पण भर रस्त्यात कसं विचारायचं, असं वाटलं. मग त्याचं घर आलं.

पंधरा दिवसांनी त्याचा हात थांबला. गिरणीवाल्याच्या विहिरीत तो पुन्हा छन्नी धरू लागला, आणि छन्नी खिळवल्यासारखी. विहिरीला पाणी लागलं. गिरणीवाला गावभर सांगत सुटला की असा कारागीर नाही. मलाही आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला.

त्या बुधवारी तो मंडळात आला तो धुतलेला सदरा घालून. गाल गुळगुळीत, हनुवटीवर ताजं कापलेलं. सकाळी मी त्याला रस्त्यात पाहिलं होतं, तेव्हाही गाल असेच होते, पण हे कापलेलं नव्हतं. म्हणजे दिवसातली दुसरी दाढी. मी स्वतःला म्हटलं, मंडळात यायचं म्हणून केली असेल. माणसाने नीटनेटकं राहू नये का?

शिंपीणबाई मांडीवर कापड घेऊन बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, याच्या पत्राचं उत्तर तुम्ही मागेच टाकलंत ना?"

तो माझ्याशेजारीच बसला होता. बाकीचे सातजण बघत होते. मी जमिनीकडे पाहिलं आणि मान हलवली. खालीवर.

आता तो बोलेल, म्हणून मी थांबलो. तो म्हणाला, "पंखा जरा इकडे फिरवा की, काकांना घाम आलाय."

पुढच्या सोमवारी त्याच्या घरी गेलो. अंगणात दगडावर हत्यारं ओळीने मांडलेली : पहारी, टिकाव, छन्न्या, कुऱ्हाड, मुठीतून सुटलेला जुना कोयता, कात्री. सगळ्यांच्या धारा उन्हात चमकत होत्या. तो धार लावायच्या दगडावर पाणी शिंपडत उकिडवा बसला होता.

त्याची आई ओट्यावरून ओरडली, "बघा हो काका, माझी विळीसुद्धा सोडली नाही यानं! कांदा चिरायला गेले तर बोटच गेलं." तिने चिंधी बांधलेलं बोट वर करून दाखवलं.

"या राजा!" विहीरवाला मला म्हणाला. मला तो काका सोडून कधी दुसरं काही म्हणत नसे. मागून शेळी आली, तिलाही म्हणाला, "सरक राजा." आणि स्वतःच मोठ्याने हसला. आई हसली, मीही हसलो. हसताना मनात मोजत होतो. दाढी एक, हत्यारं दोन, राजा तीन.

"गिरणीवाल्याचं झालं. आता कुणाची घेणार?" मी विचारलं.

"आता आपली." त्याने घरामागच्या विहिरीकडे ओल्या हाताने खूण केली. "वडिलांनी बांधून काढली, पण चुकली. झरा दगडाच्या मागे ठेवला त्यांनी. मला ऐकू येतो. पहाटे तर असा घळाघळा वाहतो! गाव पिईल त्यावर, काका. सगळं गाव."

चार.

संध्याकाळी त्याची बायको माझ्या दारात आली. आत आली नाही, चौकट धरून उभी राहिली.

"काका, तीन दिवस त्यांचा डोळ्याला डोळा नाही. आणि हे बघा." पदराखालून तिने गोळ्यांची पाकिटं काढली. चार पाकिटं, चारही भरलेली. "पिठाच्या डब्यामागे होती. भावजींनी विचारलं तर त्यांच्यावर टिकाव उगारला. मारला नाही, पण उगारला."

"बसा ना, सूनबाई."

"बसत नाही. दोर माझ्याकडे द्या म्हटलं तर म्हणाले, काका म्हणतील तेव्हा देईन. तुम्ही त्यांचा माणूस ना? मग आत्ता चला. तुम्ही नुसतं म्हणा."

तिच्या हातातली पाकिटं कुरकुरत होती.

"परवा बुधवार आहे," मी म्हणालो. "मंडळात बोलून..."

"परवा?"

"बरं, उद्या. उद्या सकाळी येतो."

तिने पाकिटं पुन्हा पदराखाली घेतली. "सकाळी लवकर या," एवढंच म्हणून गेली.

ती गेल्यावर मी शब्दकोश काढला. पत्र वाचलं. पाचातली चार. पाचवं अजून नाही, सोबत नको असं तो अजून म्हणालेला नाही. एकतीस वर्षं मी पुस्तकांवर परतीची तारीख मारली. तारीख उलटेपर्यंत कुणाला दोष द्यायचा नाही, ही माझी सवय. चार म्हणजे अजून मुदत आहे, असं मी ठरवलं, आणि ते ठरवून मला बरंही वाटलं. हे लिहायला जड जातं.

सकाळी लवकर गेलो नाही. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं. 'तुझ्या भल्यासाठी' असं लिहिलं, खोडलं, 'तूच लिहिल्याप्रमाणे' असं केलं. यात ऊन वर आलं. कागद आणि त्याचं पत्र दोन्ही खिशात घालून निघालो.

अंगणात हत्यारं नव्हती. आई विहिरीच्या काठाशी बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होती.

"धाकट्याला हाकललं त्यानं," म्हणाली. "सोबत नको म्हणाला, सोबतीनं झरा आटतो म्हणे. सून धाकट्याला बोलवायला गेलीय. मला कुठं दोर ओढवतो?"

पाच.

मी वाकून पाहिलं. विहीर जुनी. वरचा वीसेक हात भाग दगडांनी बांधून काढलेला, त्याखाली नुसता खडक, तळाशी गुडघाभर गढूळ पाणी. बांधकाम संपून खडक सुरू होतो तिथे हातभर रुंद टप्पा होता. त्या टप्प्यावर उभा राहून तो बांधकामाच्या सगळ्यात खालच्या थराखालची माती टिकावाने काढत होता. वरचे सगळे दगड ज्या थरावर बसलेले, त्या थराखालची. दोन दगड त्याने काढलेही होते. तिथे काळी भोकं दिसत होती.

"कोण, काका? या राजा! येतोय का आवाज वर?"

"वर ये."

"वर काय आहे? ती मोठी पहार बघा, कठड्याला टेकवलीय. दोराला बांधून सोडा. एकच दगड अडलाय, तो निघाला की झालं."

पहार माझ्या हाताशीच होती. खिशातला कागद खिशातच राहिला. आणि मी काय केलं? मी पहार उचलली. दोराचं मोकळं टोक घेतलं आणि पहारीला वेढा द्यायला लागलो. कुणी काही मागितलं की काढून द्यायचं, एवढंच हातांना माहीत. दुसरा वेढा घेतला.

"अहो, काय करताय!" आई ओरडली.

मी थांबलो. पहार खाली ठेवली. ती दगडावर वाजली.

"काय झालं? सोडा की!"

"नाही सोडणार."

"काय?"

"पहार नाही सोडणार. वर ये."

खाली टिकाव थांबला. मग त्याचा आवाज वर आला, आणि विहिरीच्या भिंतींनी तो मोठा करून दिला.

"कपाटा! तुला कुणी विचारलं? तू कोण माझा? दाखव कुठे लिहून दिलंस! महिनाभर रोज टपालवाल्याच्या वाटेवर उभा राहिलो मी. हसायचा तो मला. मंडळात मुंडी हलवलीस, मी गप्प बसलो, तुझी लाज राखली. आणि आता हक्क सांगतोस? आण ती पहार!"

त्याने टिकाव हाणला. बारीक खडे पाण्यात पडल्याचा आवाज आला.

त्याचं सगळंच खरं होतं. मला काही हक्क नव्हता. माझ्याकडे बोलायला स्वतःचं वाक्यच नव्हतं. मी खिशात हात घातला, दोन कागदांतला त्याचा काढला, कठड्यावर पोट टेकवून विहिरीत वाकलो आणि वाचायला लागलो. मोठ्याने मी कधी कुणाला वाचून दाखवलेलं नाही. 'शांतता राखा' या पाटीखाली माझा जन्म गेला.

"'काका, माझं चढायला लागलं की मी आधी दिवसातून दोनदा दाढी करतो...'"

"बंद कर!"

"'मग सगळी हत्यारं पाजळतो, नको ती पण.'"

"बंद कर म्हणतो ना!" टिकाव पुन्हा पडला, पण हळू.

मी वाचत राहिलो. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता, एका हाताने तो धरला. माझा आवाज खाली जाऊन परत येत होता. पुढचा शब्द वाचताना मागचा ऐकू यायचा. 'मी शिव्या देईन, रडेन' इथपर्यंत आलो तेव्हा टिकाव थांबलेला होता.

"'तुमच्यावर हात उचलणार नाही असं वाटतं.'"

खालून एक आवाज आला. हसला की काय ते वरून कळलं नाही.

"पुढे वाच," तो म्हणाला.

"'तुम्ही माझा माणूस व्हाल का?'"

"मग? बोल की."

"हो," मी म्हणालो.

एक खडा सुटून पाण्यात पडला. मग दुसरा.

"तोंडी चालत नाही, काका," तो म्हणाला. आवाज आता माणसाएवढा झाला होता. "घसा सुकलाय माझा."

"वर आहे पाणी. वर ये."

"थोडं खाली सोडा."

माझा हात बादलीकडे गेलाही. पण मी म्हणालो, "वर ये. वर देतो."

दोर ताणला. त्याच्या कमरेला तो बांधलेला होता. डोकं कुठेही असलं तरी उतरताना दोर बांधायची सवय त्याच्या हातांनी सोडली नव्हती. त्याने टप्प्यावरून पाय उचलला, भिंतीच्या खोबणीत ठेवला. आई आणि मी कप्पीचा दोर धरला. तो दोन-तीन हात वर आला असेल, तेवढ्यात खाली, तो उभा होता तिथे, कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज झाला आणि बांधकामाचे पाच-सहा दगड एकदम सरकले. धूळ वर आली. धुळीतून त्याची किंकाळी आली. दोराला असा हिसका बसला की मी कठड्यावर आपटलो. दोर तळहातांतून सरकला, कातडी घेऊन सरकला. मी तो दंडाला गुंडाळून घेतला. आई माझ्यामागे दोराला लोंबकळली. ती देवाला शिव्या देत होती की मला, मी विचारलं नाही.

"सोडू नका!" मागून बायकोचा आवाज. ती आणि धाकटा भाऊ धावत आले. चौघांनी ओढला.

तो वर आला तेव्हा शुद्धीवर होता. डावं पाऊल चिरडलेलं. ओठ पांढरे फटक. बायकोने तोंडाला तांब्या लावला, तो गटागटा प्यायला. मग माझ्याकडे न बघता भावाला म्हणाला, "टिकाव खाली राहिला. नवाच होता."

शहरातल्या दवाखान्यात डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय झाल्यावर मनाच्या वॉर्डात हलवलं. रक्त तपासून गोळीची मात्रा बदलली. चढलेलं उतरलं, आणि उतरतं तसं पार खाली गेलं.

दुसऱ्या बुधवारी मी मंडळात उभा राहिलो. हाताला पट्ट्या होत्या, म्हणून सगळे कौतुकाने बघत होते. कुणीतरी म्हणालं, काकांनी ओढून काढला हो! मला ते सहन होईना. मी सांगितलं : उत्तर टाकलंच नव्हतं. मान खोटी हलवली. सोमवारी सूनबाई आल्या, तेव्हाही मोजत बसलो. मंगळवारची सकाळ कागद खोडण्यात घालवली. पहारीला दोन वेढेही दिले. त्या दोन बोटांना मी जबाबदार आहे.

शिंपीणबाईंनी दाताने दोरा तोडला.

"टपालाची रीत कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"का काढली?"

"तोंडावर कुणीही हो म्हणतं म्हणून."

"आणि चारचौघांत तोंडावर विचारलं कुणी? तुमच्यासारख्या माणसाला?" त्यांनी सुई कापडात खोचली. "तुमचं तुमच्याजवळ ठेवा, काका. माझं मला उचलू द्या. बसा आता. पट्टी ओली झालीय तुमची."

सहा आठवड्यांनी त्याला घरी आणलं. विहिरीवर फळ्या टाकून वर दगड ठेवले होते. दोर बायकोने स्वतःच्या पेटीत ठेवला होता. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मी जायचो, तो वळायचा नाही. मला काजं करता येत नाहीत. मी वाचनालयातली पुट्ठे निघालेली पुस्तकं पिशवीतून न्यायचो आणि त्याच्या खाटेशी बसून खळ लावायचो. पुट्ठा चिकटेपर्यंत दाबून धरावा लागतो. धरून बसायचो.

"खळीचा वास किती घाण येतोय," आई म्हणायची. "तरी बरं, झुरळं पुस्तकंच खातील आता, माझं पीठ नाही."

पाचव्या खेपेला तो भिंतीकडे बघतच बोलला.

"काका, मी दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं."

"महिन्यानंतर विचारायचं असतं," मी म्हणालो. काय बोललो हे!

"माहीत आहे."

"मग का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही असं कळवलं नव्हतं ना."

मी पुट्ठा दाबून धरला होता, तो तसाच धरून राहिलो. पुट्ठा चिकटल्यावर विचारलं, "पत्र परत हवंय का? दुसऱ्या कुणाला द्यायला?"

त्याने पांघरुणातून हात काढून भिंतीच्या पोपड्यावर नख फिरवलं. हात थोडा हलत होता. पूर्वीइतका नाही.

"तुमच्याकडेच असू द्या," म्हणाला.

घरी येऊन मी आठव्यांदा उत्तर लिहायला बसलो. पान भरायला वेळ लागला नाही.

'तुझं पत्र पोचलं. हो. पाचाची वाट बघणार नाही, दुसऱ्यालाच येईन. हत्यारं दिसली की दोर मागेन. तू नाही दिलास तर तुझ्या आईला आणि सूनबाईंना हाक मारेन, एकटा लढणार नाही, कारण मला ते जमत नाही. मी चुकलो तर सर्वांसमोर सांग, लाज राखू नकोस.

आता माझं. माझं उतरायला लागलं की मी आधी पुस्तकांवरची धूळ झटकायचं सोडतो. मग चष्मा पुसत नाही. मग आलेल्याला दारातूनच उद्या या म्हणतो. शेवटी आतून कडी लावतो. कडी लागली की दार वाजवू नकोस, वाजवलं तर मी उघडणार नाही. मागच्या खिडकीचा गज सैल आहे. तू माझा माणूस होशील का? घाई नाही. उत्तर टपालाने पाठवावे.'

'घाई नाही' हे दोन शब्द खोडले. मग पाकीट चिकटवलं.

टपालपेटी बाजाराच्या कोपऱ्यावर आहे. माझ्या दारापासून चारशे दहा पावलं. शिंपीणबाई म्हणतात तसा विचार करत गेलो. दोनशेपर्यंत बराच विचार आला, मग फक्त ऊन लागलं. पेटीच्या तोंडात पाकीट घातलं, आणि कडा चिमटीत धरून उभा राहिलो. मग चिमूट सोडली. पाकीट पडल्याचं ऐकू आलं नाही. आत आधीची पत्रं असावीत.

मी तिथेच थांबलो. अर्ध्या तासाने टपालवाला सायकलवरून आला, किल्ली लावली, पत्रं पिशवीत ओतू लागला. मला बघून थांबला. माझं पाकीट वरच होतं. वाचनालयाच्या पत्रांवरचं ते अक्षर त्याने ओळखलं, पत्ताही वाचला.

"काय काका?" तो म्हणाला. "परत हवंय का?"

"नको," मी म्हणालो. "जाऊ दे."